उलटा का करायचा?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज ती वर्गात येऊन बसली. ब्रिडी हॅलोरन, वय एकोणतीस. शिक्षकांना सुधारायला जिल्ह्यानं नेमलेली! ती पहिलीत असेल तेव्हापासून मी सहावीला गणित शिकवतेय. तेवीस वर्षं. मागं बसून वहीत लिहीत होती.

अपूर्णांकांचा भागाकार. दुसरा उलटा करा, गुणा. सगळ्यांनी उलटा केला. इत्झेलनं हात वर केला. ही मुलगी नोव्हेंबरात आली, आई मांसाच्या कारखान्यात. एरवी तोंड उघडत नाही.

"मिसेस कुचेरा, पण उलटा का करायचा?"

"नियम आहे म्हणून," म्हटलं आणि पुढचं गणित घेतलं.

बुधवार, ५

ब्रिडीबरोबर बैठक. आधी कौतुक — वर्ग शांत, फळा नीटनेटका. मग हळूच, त्या मुलीच्या प्रश्नाचं काय? सहावीला इतक्या खोलात जायचं नसतं, म्हटलं. तिनं वाद घातला नाही. उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणाचा कागद दिला. न वाचताच पर्समध्ये कोंबला.

फार राग आला. घरी येईपर्यंत कळलं होतं की राग तिच्यावर नाही. का उलटा करायचा, मलाच माहीत नाही. कधीच नव्हतं.

शनिवार, ८

ओट्यावर मापाचे कप मांडून बसले. अर्ध्या कपानं भागायचं जमलं. दोन तृतीयांशाला अडले. माझा नवरा रे डोकावला — केक कसला करतेयस? कसलाच नाही, म्हटलं. त्यालाही सांगवेना.

मंगळवार, ११

बर्फ. शाळा बंद. बरं वाटलं — आणि बरं वाटल्याची लाज.

गुरुवार, १३

शाळा सुटल्यावर ब्रिडीच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं.

"तेवीस वर्षं शिकवतेय, आणि मला हे येत नाही."

समजूत घालेल असं वाटलं होतं. ती खुर्ची ओढत, मला नावानं हाक मारत म्हणाली, "मलाही गेल्याच वर्षी कळलं. बसा, वर्ना."

एका कपात दोन तृतीयांश किती वेळा मावतं? एकदा पूर्ण. उरतं एक तृतीयांश, म्हणजे दोन तृतीयांशाच्या निम्मं. दीड वेळा. दीड म्हणजे तीन छेद दोन — उलटा झाला की! मग कप कितीही असोत, त्यांची दीडपट. एवढंच.

गाडीत बसून एकटीच हसले. मग वाटलं, या तेवीस वर्षांत 'नियम आहे' म्हणून किती जणांचे हात खाली केले असतील. हसू गेलं.

प्रशिक्षणाचा कागद भरला.

शुक्रवार, १४

व्हॅलेंटाइनच्या चिठ्ठ्या, चॉकलेटं, नुसता गोंधळ. आज सांगून कुणाच्या डोक्यात शिरणार? सोमवारी सुट्टी. मंगळवारी सांगेन, कप घेऊन, नीट.

तास संपल्यावर इत्झेल टेबलापाशी घुटमळत होती. बस चुकेल, पळ, म्हटलं.

मंगळवार, १८

वर्गाला सगळं सांगितलं. मला येत नव्हतं, हेही. कुणी हसलं नाही.

इत्झेलचा बाक रिकामा. कचेरीत विचारलं. आईला कॅन्ससमध्ये काम मिळालं, शनिवारी गेले. कोणत्या गावी, कुणालाच ठाऊक नाही.