संचालकांची चिठ्ठी

शिवाजी पेठ, कोल्हापूर
३ जून २०२५

चि. तेजस्वीस अ. उ. आ.

फोन केला की तू हो आत्ती, हो आत्ती म्हणतेस आणि फोन बापाकडं देतेस. म्हणून लिहायला बसले. एम.ए. मानसशास्त्राच्या अर्जाची तुझी फाईल तुझ्या बापानं, बाळासोनं, विद्यापीठाच्या विभागात द्यायला माझ्याकडं पाठवली होती. मी ती उघडून पाहिली आणि परत पाठवते आहे.

शिफारसपत्र म्हणून तू साखर कारखान्याच्या संचालकांची चिठ्ठी जोडलीस. मुलगी चांगल्या घराण्यातली असून तिचे काम करावे, एवढंच तीत आहे. त्यांना तुझ्या बापाचा ऊस ठाऊक. तू कोण ते ठाऊक नाही. विभागाला तुला शिकवलेल्या माणसाचं पत्र हवंय.

दुसरं, तुझं निवेदन. बी.ए.ला सत्तेचाळीस टक्केच का, तर म्हणे आई अंथरुणाला खिळली होती. वहिनीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, मी कवा पडलो आजारी, मलाबी कळू दे की.

पहिली दोन वर्षं तू अभ्यास केला नाहीस. तसंच लिही. मग काय बदललं तेही लिही. आणि शिफारस माग ती सुष्मिता मॅडमकडं. त्यांनीच तुला संख्याशास्त्रात नापास केलं आणि त्यांच्याच मागं लागून तू तो विषय सोडवलास. तुझे गुण किती वाईट होते ते त्यांनी पाहिलंय, आणि नंतरचे कष्टही.

रडायचं असेल तर आज रड. उद्या सकाळी मॅडमच्या कॉलेजला जायला गडहिंग्लजची एस.टी. धर.

माया आहेच, ती कामाला लाव.
तुझी,
क्रांतीआत्ती

नेसरी
७ जून २०२५

ती. आत्तीस शि. सा. न. वि. वि.

रडले. मग गेले.

मॅडमना वाटलं, मी पेपर तपासणीचं जुनं भांडण काढायला आले. शिफारस मागितल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, मी खरं तेच लिहीन, चालेल का? चालेल म्हटलं. पत्र त्यांनी पाकिटात घालून चिकटवूनच हातात दिलं. आत काय आहे मला माहीत नाही. दादांनी ते उन्हात धरून वाचायचा प्रयत्न केला. मी हिसकावून घेतलं. चिठ्ठी परत आल्याचं त्यांना फार लागलंय. संचालकांना काय सांगू म्हणून घरात फिरतात. आई म्हणते, आजारी बायको बरी झाली म्हणून सांगा.

निवेदन नवं लिहिलं आहे. आबा वस्तू लपवतात म्हणून आम्ही सगळे त्यांच्यावर ओरडायचो. तिसऱ्या वर्षी स्मरणशक्तीच्या प्रात्यक्षिकासाठी मी त्यांच्याजवळ बसले, तेव्हा दिसलं की ते लपवत नाहीत. ठेवलेलं विसरतात आणि बोलणी बसतील म्हणून गप्प राहतात. घरात सगळ्यांना समजावलं. आता आबा स्वतःच हाक मारतात, चष्मा कुठं ठेवलाय बघ गं. तेव्हापासून मला हेच शिकायचंय.

यंदा प्रवेश झाला नाही तर दादा स्थळं बघणार आहेत. पाकीट आणि फाईल त्यांच्याबरोबरच पाठवते आहे.

रागावत राहा, म्हणजे बरं वाटतं.
तुमची,
तेजस्वी

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१२ जून २०२५

चि. तेजस्वीस अ. उ. आ.

आबांबद्दलचं वाचलं. आबांची मुलगी म्हणून पुन्हा एकदा वाचलं. मग त्यात काही खाडाखोड सुचवायच्या आत फाईल विभागात नेली.

तिथल्या बाईंनी विचारलं, नापासाचं गुणपत्रक सगळ्यात वर कशाला? मी म्हटलं, मुलीचं निवेदन तिथूनच सुरू होतं. त्यांनी उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं आणि खुर्चीवर बसून दुसरं. पात्रतेइतके गुण आहेत, मुलाखतीला बोलावतील, असं म्हणाल्या. प्रवेश मिळेलच असं मी म्हणत नाही. संख्याशास्त्र विचारतील. विचारू देत.

बाळासोला सांगितलंय, निकाल लागेपर्यंत कुठल्या पाहुण्याला चहाला बोलवायचं नाही. तो म्हणाला, आक्का, तुझ्यापुढं कोण बोलणार.

आशीर्वाद पुरतील, अभ्यास कमी पडू देऊ नकोस.
तुझी,
क्रांतीआत्ती

ता. क. आज विभागात दिलं: अर्ज, गुणपत्रकं, निवेदन, आणि मॅडमचं पाकीट, न उघडलेलं. पोच माझ्याकडं आहे. बाळासोला परत दिली: संचालकांची चिठ्ठी, त्यानं फाईलमध्ये पुन्हा सरकवलेली. त्याच्याबरोबर तुला दिली: माझ्या माडीवरच्या खोलीची किल्ली. खोली झाडून घेतली आहे.