दुपारची कडी

१० एप्रिल, घुग्घुस

आले एकदाची! टेम्पो अहेरीहून पहाटे निघाला आणि अकराला इथं पोहोचला. कपाट, पलंग, पुस्तकांची खोकी आणि वेताच्या टोपलीत चिवडी. ही बया सगळा रस्ता अशी ओरडली की शेवटी ड्रायव्हर म्हणाला, बाई, वाघ नेला असता तर तो गुपचूप बसला असता.

डॉक्टरबाईंनी सांगितलंय, रोज चार ओळी लिहायच्या आणि चांगलंच लिहायचं. मराठीची शिक्षिका आहे, तर शुद्धही लिहीन. चांगलं असं: दोन खोल्या, पुढे ओटा, सकाळी ओट्यावर कडुलिंबाची सावली. शाळा दहा मिनिटांवर, सध्या सकाळची, अकराला सुटते. आंतरजिल्हा बदलीत एवढं मिळालं म्हणजे नशीबच. वाईट एवढंच की कोळशाची धूळ. ओटा झाडला, चहा पिऊन बाहेर आले तर पुन्हा काळा. चिवडी पांढरी-पिवळी-काळी, म्हणून तर तिचं नाव चिवडी. संध्याकाळपर्यंत नुसतीच काळी झाली.

दार पत्र्याचं आहे, बाहेर उघडणारं. घरमालकाला म्हटलं, आत उघडणारं बसवून द्या. तो हसला. खिडकीत त्याचा मोठा लोखंडी कूलर आहे, त्यावर चादर टाकून दिली. मला कूलर लागत नाही.

१४ एप्रिल

जयंती. सगळी वस्ती निळी झाली होती. विहारातून आल्यावर खीर केली आणि वाटीभर शेजारी दिली. भिंतीला भिंत लागून इंदुताई राहतात, साठीच्या, आवाज खणखणीत. मुलगा प्रवीण कोळशाच्या खाणीत, सध्या रात्रपाळी. रिकामी वाटी परत करणाऱ्यातल्या त्या नाहीत. वाटी आली ती कैरीच्या तक्कूसकट.

एकट्याच काय वो बाई, असं विचारलं. म्हटलं, नवरा अहेरीला आहे, धम्मदीप, त्याची नोकरी तिथंच. पुढचंही विचारलं, ते मी ऐकलंच नाही असं केलं. मग म्हणाल्या, काऊन वो, कूलर बिघडला का? प्रवीण पाहून देते. नको म्हटलं. पंचेचाळीस डिग्रीत कूलरवर चादर घालणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असणार.

२० एप्रिल

भांडण झालं. झालं म्हणजे काय, व्हायचंच होतं. चिवडी रोज दुपारी इंदुताईंच्या कूलरखाली ठिबकत्या पाण्यात जाऊन पडते, तिथवर ठीक. आज वर चढली आणि कूलरची वाळ्याची नवीकोरी ताटी नखांनी उसवली. प्रवीण झोपेतून उठून टॉवेलवर बाहेर आला, डोळे लाल. रातभर खाणीत मरा अन् दिवसा मांजरीपायी मरा, म्हणाला. इंदुताई म्हणाल्या, मांजर पाळाची तर बांधून ठेवाची. मी म्हटलं, मांजर आहे, बकरी नाही. दोघींचं चांगलंच वाजलं. गल्लीतल्या बायांची करमणूक झाली.

शेवटी इंदुताईंनीच तोड काढली, तिच्या गळ्यात घंटी तरी बांधा, आली की हाकलता येईल. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हे घुग्घुसात ठरलं: मीच.

पेटीत तळाशी एक लहान पैंजण होतं. त्यातली दोन घुंगरं काढून लाल दोऱ्यात ओवली आणि चिवडीच्या गळ्यात बांधली. पेटीला कुलूप नव्हतं, तरी उघडायला तासभर लागला.

२६ एप्रिल

संध्याकाळी इंदुताई ओट्यावर आल्या. आज आवाज मऊ. म्हणाल्या, मांजरीचं ठीक आहे बाई, घंटी ऐकू येते. पण तुमच्या पोरीले भर उन्हात काऊन सोडता? पायात चप्पल नाई. रोज दोन वाजता मांजरीच्या मागं येते, दार वाजवते, पाणी मागते. प्रवीणची झोप तर गेलीच, पण पोरीले ऊन लागन ना.

मी विचारलं, कोणती पोरगी?

आता घ्या, म्हणाल्या, स्वतःचीच पोरगी आमाले विचारून राह्यल्या.

आत आले. कडी लावली. पुन्हा उघडली.

लिहूनच टाकते. माझी मुलगी सम्यका. सम्मू. सात वर्षांची. मागच्या वर्षी एकवीस मेला अहेरीत गेली. उन्हानं. मी घरातच होते. चिवडीनं दुधाचं पातेलं लवंडलं म्हणून मी तिला रागानं बाहेर हाकललं, कूलर सुरू केला, दाराला आतून कडी लावली आणि आडवी झाले. मला वाटलं सम्मू आतल्या खोलीत झोपली आहे. ती चिवडीच्या मागे बाहेर गेली होती. दोन तास. कूलरच्या घरघरीत मला काही ऐकू आलं नाही. गल्लीत कुणालाच नाही. सगळ्यांची दारं बंद, सगळ्यांचे कूलर चालू. चार वाजता कडी काढली तर दार उघडेना. बाहेर उघडणारं दार होतं. पलीकडून काहीतरी अडत होतं.

पत्र्यावर वाजवून वाजवून तिच्या मुठी लाल झाल्या होत्या. चिवडी तिच्याजवळ बसून होती.

तेव्हापासून मी कूलर लावत नाही.

२७ एप्रिल

शाळा सुटल्यावर सरळ इंदुताईंकडे गेले आणि विचारलं, कशी दिसते, नीट सांगा. त्यांना वाटलं मी भांडायलाच आले. पिवळा फ्रॉक. समोरचा दात पडलेला. जमीन पोळते म्हणून पाय आलटून-पालटून उचलत उभी राहते. अर्धा गिलास पाणी पिते, उरलेलं ओंजळीत ओतून मांजरीला पाजते. मग तशीच जाते. कुठं जाते ते इंदुताईंनी पाहिलं नाही, त्यांना वाटलं आमच्याकडेच येत असेल.

मी काही सांगितलं नाही. म्हटलं, हो, माझीच. चप्पल टिकत नाही तिच्या पायात. इंदुताई म्हणाल्या, पोरींचं असंच रायते.

भीती वाटायला हवी होती. घरी येऊन भिंतीला टेकून खूप रडले. किती महिन्यांनी कुणीतरी माझ्या पोरीची तक्रार केली.

३ मे

सुट्ट्या लागल्या. बारा वाजल्यापासून दार सताड उघडं ठेवून उंबऱ्यात बसले, शेजारी पाण्याचा गडू. गरम वाफ तोंडावर येते, येऊ दे.

बरोबर दोन वाजता घुंगरू वाजलं. चिवडी ओट्यावरून उतरली आणि इंदुताईंच्या दाराशी जाऊन बसली. मग दार वाजलं. तीनदा, हळू. मी तीन पावलांवर होते आणि मला फक्त चिवडी दिसत होती. इंदुताईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, आली का माय, थांब, आज सब्जा घालून ठेवला आहे पाण्यात. गिलास त्यांच्या हातातून सुटला. खाली पडला नाही.

मी सम्मू म्हणून हाक मारली. चिवडीनं वळून पाहिलं. दुसरं कुणी वळलं असेल तर मला कळलं नाही.

माझं दार उघडं आहे, पाणी भरलेलं आहे, मग शेजारी का? इंदुताईंचा इतका राग आला की त्यांच्या कूलरवर दगड घालावा. मग स्वतःलाच म्हटलं, ती कशाला येईल तुझ्या दारात? तुझ्या दारानं तिला काय दिलं?

७ मे

आज चिवडीला आत कोंडलं. वाटलं, ती जिथं असेल तिथं सम्मू येईल. दोन वाजले. कुणी आलं नाही. चिवडीनं दार ओरबाडलं, माझा हात ओरबाडला. इंदुताई भिंतीपलीकडून विचारत होत्या, आज पोरगी दिसली नाई, तापली तर नाई?

सोडून दिली.

१२ मे

सगळं कळलं त्यांना. प्रवीणच्या पाळीत अहेरीचा एक माणूस आहे, बोलता बोलता निघालं. प्रवीण ओट्याखाली उभा राहिला, वर चढला नाही. हळू आवाजात म्हणाला, मॅडम, तुमी सांगाले पाह्यजे होतं.

त्यांच्या दारावर लिंबू-मिरची लटकली आहे. इंदुताईंनी हात जोडले, मले माहीत नव्हतं बाई, आता मी दार नाई उघडणार. मीही हात जोडले. म्हटलं, निदान पाणी तरी बाहेर ठेवा. मग तोंड सुटलं माझं. पंधरा दिवस तुमच्या गिलासानं पाणी प्याली तेव्हा लेकरू होती, आता भूत झाली का? त्याही रडल्या. रडता रडता दार लावून घेतलं.

१३ मे

दोन वाजता दार वाजलं. इंदुताईंचं. आत कूलर फुल. पुन्हा वाजलं. पुन्हा. खूप वेळ वाजत होतं — मोजलं नाही. मी इथून ओरडून राह्यली, सम्मू, इकडे ये, हे बघ दार उघडं आहे. आवाज तिकडेच. शेवटी शेवटी अगदी हळू.

मी भरलेला गडू त्या दाराशी नेऊन ठेवला. थोड्या वेळानं पाहिला. भरलेलाच.

१५ मे

प्रवीणनं चिवडीला पोत्यात घालून मोटारसायकलवरून नेलं. वर्धा नदीपलीकडे सोडून आला. लपवलं नाही त्यानं, स्वतः येऊन सांगितलं. म्हणाला, मॅडम, आईनं तीन दिवस जेवण घेतलं नाई, मी तिले पाहू का मांजरीले पाहू. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.

सम्मूनं शेवटचा हात लावला तो चिवडीलाच.

दोन वाजले. दार वाजलं नाही. कुठंच नाही.

१८ मे

धम्मदीपचा फोन. एकवीसला येतो, चारच्या बसनं. विहारात वंदना ठेवली आहे. वर्ष झालं, एका शब्दानं दोष दिला नाही मला. एकदा तरी म्हण रे, कडी काऊन लावली होती. म्हणत नाही. जेवलीस का, विचारते.

२० मे

घुंगरू. घरात. पलंगाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं — चिवडी नाही.

कूलरवरची चादर खाली पडली होती. पुन्हा टाकली. हात पाहिले तर ओले. कूलरमध्ये पाणी कोणी भरलं?

२१ मे

धम्मदीपची वाट पाहत मी उंबऱ्यात लिहीत बसली होती. घुंगरू ओट्याखाली वाजलं. डायरी हातात, तशीच उठली. अनवाणी. कडुलिंबापर्यंत गेली. कुणी नाही. मागं दार लागलं. वारा नाही — पानसुद्धा हलून नाही राह्यलं.

आतून कडी. आत कूलर सुरू झाला.

वाजवलं. खूप वाजवलं. पत्रा तापला आहे. फोन आत.

इंदुताईंच्या दारावर गेली. म्हटलं, मी पूनम, मी आहे, उघडा. कूलर फुल आहे. ऐकू जात नसन. नाही तर जाते, अन् — दोन वाजता दार वाजलं तर उघडाचं नाई, हे त्यांनी ठरवलं आहे. मीच तर पाह्यलं.

गल्लीत सगळी दारं बंद.

पाय भाजून राह्यले. आलटून-पालटून उचलून राह्यली. आता कळलं माय, तुले कसं —

आपल्या दाराशी येऊन बसली. आतून घुंगराचा आवाज येते. आला तसा थांबते. चिवडी आली वाटते परत. दोघी थंड हवेत लोळल्या असतीन.

राग नाई आला मले. झोप तू. आरामात झोप. मी बसते बाहेर.

किती वाजले. बस चारची —

जीभ चिकटली. अक्षर नीट येऊन नाई —

पुन्हा वाजवलं. हळूच. आता जोर नाई.

कडी. कडी वाजली आतून. तिले ऐकू गेलं. एवढा कूलर सुरू असून तिले ऐकू गेलं. मले नव्हतं — दाराला टेकून आहे मी, सरकते, नाही तर दार अड