पंच्याण्णवपर्यंत

सोमवार, ४ ऑगस्ट

रक्त खवळलंय! ह्यांना सांगून उपयोग नाही, ते वर्तमानपत्राआडून नुसतं "हं" म्हणतात.

खारूताईनं तिच्या वर्गावर बोलावलं होतं. माझी सगळ्यात हट्टी विद्यार्थिनी, आता कॉलेजात माझ्याच जागी बीजगणित शिकवते. प्रत्येक सिद्धता कुरतडून बघायची, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. "बाई, दोन सोमवार या. मागच्या बाकावर बसा. फक्त मधे बोलू नका." दोन कशाला? एकच पुरला!

फळा कोरा. प्रत्येक मुलापुढे संगणक आणि त्यात ते बीजगणिताचं सॉफ्टवेअर. प्रश्न मात्र माझाच, जुना. गट म्हणजे गुणाकाराचे ठरावीक नियम पाळणारा घटकांचा संच; त्यातले दोन घटक उलट्या क्रमानं गुणले की जो फरक पडतो तो कम्युटेटर — मी वर्गाला असंच सांगायची. मग असे दोन कम्युटेटर गुणले तर पुन्हा कम्युटेटरच मिळतो का? कुठल्याही गटात?

माझी मुलं यावर आठवडाभर डोकं खाजवायची. यांनी दोन ओळी टाइप केल्या. यंत्रानं पंच्याण्णव घटकांपर्यंतचे सगळेच्या सगळे गट तपासले. सगळीकडे "हो". एक लंबू ओरडला, "झालं सिद्ध! चला कॅन्टीनला!" खारूताईनं विचारलं, "कोणाकोणाला वाटतं सिद्ध झालं?" सगळ्यांचे हात वर. आणि ही बया हसली! "बरं. पुढच्या सोमवारी बघू."

अगं, विधान खोटं आहे! दोनशे छप्पन्न घटकांच्या एका गटात ते मोडतं, हे मीच तुला फळ्यावर करून दाखवलंय. बाही खडूनं पांढरी होईपर्यंत! तुला माहीत आहे. आणि तरी हसतेस?

मंगळवार, ५ ऑगस्ट

शाळेत सिस्टर म्हणायच्या, कारण न देता दिलेलं उत्तर म्हणजे चोरी. त्या चोरीपायी मी हातावर पट्ट्या खाल्ल्यात. आणि जिला मी विचार करायला शिकवलं, ती भर वर्गात चोरी करू देते! खाल्ल्या घरचे वासे मोजणारी!

ह्यांचं म्हणणं, "कॅल्क्युलेटर आला तेव्हाही तू अशीच तणतणली होतीस."

"तेव्हाही माझंच खरं होतं."

"हं."

बुधवार, ६ ऑगस्ट

प्राचार्यांना भेटले. ते 'बसा' म्हणायच्या आत सुरू केलं — "तुमच्या कॉलेजात खोटं शिकवतात, आणि वर यंत्राची साक्ष काढतात!" त्यांना बीजगणितातलं ओ की ठो कळत नाही, पण मान अशी डोलावली की जणू रोजचंच. "मॅडम, हे लेखी द्याल?"

दिलं. वळणदार अक्षरात.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

निकाल लागला! विषय खारूताईकडून काढून घेतला. आता संख्याशास्त्राचे सर घेणार. म्हणजे ते नोट्स सांगणार, पोरं उतरवून घेणार. संगणकाच्या खोलीला कुलूप.

ह्यांना म्हटलं, जिंकले.

"मग तोंड एरंडेल प्यायल्यासारखं का?"

सोमवार, ११ ऑगस्ट

तिचा फोन नाही. नसेना का!

मंगळवार, १२ ऑगस्ट

आला. रडली नाही, भांडली नाही. आवाज अगदी सरळ.

"बाई, काल शहाण्णवचा तास घेणार होते. शहाण्णव घटकांच्या दोन गटांत ते विधान कोसळतं. त्याहून लहान गटात कुठेच नाही. मुलांनी आधी 'सिद्ध' म्हणून हात वर करावेत, म्हणून मुद्दाम एक पाऊल अलीकडे थांबले होते. काल त्यांच्या डोळ्यांदेखत ते मोडलं असतं. मग तपासणं म्हणजे सिद्ध करणं नव्हे, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नसतं. आणि तेव्हा फळा तुमच्या हाती देणार होते. नवा खडूसुद्धा आणला होता."

मी म्हटलं, "मला वाटलं —"

"एकच तास बघून, बाई?"