जून, सप्टेंबर की डिसेंबर

९ नोव्हेंबर, रविवार

आजच्या पुरवणीत पानभर तक्ता आलाय. आपला जन्ममहिना शोधा, स्वभाव वाचा, त्या महिन्यात जगात काय घडलं तेही वाचा. वाचता वाचता चहा गार झाला. पण माझा महिना कुठला?

कागदावर १ जून. आमच्या शाळेत निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला. मास्तर नाव घालताना विचारायचेच नाहीत, लिहून मोकळे. मामा मात्र म्हणायचे, "भूकंपातली पोर तू." मी चार वर्षांची असताना आई गेली. मामांनी कराडला नेऊन वाढवलं. पाटणकडच्या आमच्या गावी पुन्हा जाणं झालं नाही. त्यामुळे एवढंच ठाऊक – भूकंपातली.

जून वाचला. बोलकी, दोन मनांची, सतत काहीतरी वाचणारी. अगदी मी. मग डिसेंबर वाचला. तोंडावर बोलणारी, भटकी. तेही पटलं! हे गेल्यापासून भाजी मंडईच्या पुढे गेलेली नाही, तरी.

१० नोव्हेंबर

बाराही महिने वाचून काढले. त्यातले नऊ मला लागू पडतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कुसुमताई आल्या होत्या. ह्यांच्या थोरल्या बहीण; ह्यांचं घरही मूळचं आमच्याच गावचं. माझ्या निरंजनच्या लग्नाचं ठरवायला – २९ ला हळद, ३० ला लग्न. आहेर, जेवण, मांडव सगळं बोलून झालं. मग आवाज खाली आणला.

"कस्तुरा, पहिली हळद मी लावते. तू आतल्या खोलीत बस घटकाभर."

विधवेनं पुढे येऊ नये म्हणतात, ते मला माहीत आहे. तेवढंच असतं तर भांडले असते. पण त्या पुढे म्हणाल्या, "नुसतं तेवढंच न्हाई गं. जन्मलीस ती बापाचं घर पाडून. मग आई गेली. मग माझा भाऊ. आता हे एकुलतं एक पोर हाय."

टोचून नाही बोलल्या. पदरानं डोळे पुसत बोलल्या.  आणि माझ्यामुळेच का, हाच प्रश्न मी स्वतःला तीन वर्षं विचारते आहे. मारुतरावांचं हृदय थांबलं तेव्हा मी शेजारी बसून शेंगा सोलत होते. ते काहीतरी बोलत होते आणि वाक्य अर्धंच राहिलं.

हळद मला लावायची आहे. माझा मुलगा आहे. पण त्याला काही झालं तर?

१३ नोव्हेंबर

चिमाबाईंना सांगितलं. शेजारी राहतात, त्यांचे मालक आणि हे एकाच कंपनीत होते. भांडी घासता घासताच म्हणाल्या, "आमच्यात पत्रिका, रास काही बघत नाहीत. बुद्धवंदना घ्यायची, लग्न लावायचं."

म्हटलं, "मग बरं आहे तुमचं."

"कसलं बरं? तरी नवरा तसाच निघाला."

खूप दिवसांनी हसले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

महापालिकेच्या वाचनालयात गेले. ग्रंथपाल मुलीला म्हटलं, कोयनेच्या भूकंपाचं काही असेल तर दे. तिनं दोन जाडजूड पुस्तकं काढून दिली आणि विचारलं, "नातवाचा प्रोजेक्ट आहे का, आजी?" म्हटलं, "नाही गं, माझाच."

मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. पहाटेचा, माणसं साखरझोपेत होती तेव्हाचा. गावंच्या गावं पडली. हे ऐकून होते. पण त्याआधी सप्टेंबरात, १३ तारखेलाही एक धक्का बसला होता! हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. तो लहान. त्यात आमचं घर पडलं नसणार. मी सप्टेंबरातली असेन, तर घर पडलं तेव्हा तीन महिन्यांची होते. मग जन्मताच घर पाडलं हे खोटं.

परत येताना पाय हलके होते.

दुसऱ्या पुस्तकात त्या वर्षी जगात काय काय घडलं तेही होतं. त्याच डिसेंबरच्या सुरुवातीला आफ्रिकेत एका माणसाचं हृदय काढून दुसऱ्याला बसवलं. जगात पहिल्यांदा. तो माणूस थोडेच दिवस जगला, पण ते हृदय चाललं. आणि ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान समुद्रात पोहायला गेला, तो परत आलाच नाही. एका महिन्यात किती काय काय! हृदयाचं तेवढं पुन्हा एकदा वाचलं, मग पुस्तकं परत केली.

१७ नोव्हेंबर

देवळातल्या गुरुजींना विचारलं. ११ डिसेंबर धरला तर मीन रास येते म्हणाले. कुंडली मांडायची तर जन्मवेळ लागेल. "भूकंपाची वेळ आहे बाई तुमच्याकडे. तुमची कुठे आहे?"

खरं आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

निरंजन चाकणहून शिफ्ट करून आला. जेवताना त्याला सगळं सांगून टाकलं.

"आई, तूच लाव. आत्याला मी बघतो."

"आणि तुला काही झालं म्हणजे?"

"काय होणारे? पिवळा होईन."

त्याच्या बापाचं हसणं आहे त्याच्याकडे. पण हे त्यानं ठरवून भागत नाही. माझा हात उचलला पाहिजे.

लग्नपत्रिका द्यायच्या राहिल्यात. तळेगावला यशोदाआत्या आहेत, माझ्या वडिलांची चुलत बहीण. त्यांचं लग्न भूकंपानंतरचं, म्हणजे तेव्हा त्या गावातच होत्या. दोन-तीन लग्नांत गाठ पडली, तरी कधी विचारलं नाही. काय ऐकू येईल याची भीती. रविवारी जाते.

२३ नोव्हेंबर, रविवार

आकुर्डीहून गाडीनं गेले. आत्या दारात उन्हाला बसल्या होत्या. दिसतं कमी, ऐकू चांगलं येतं. मुलगा-सून लग्नाला गेलेली. पत्रिका त्यांच्या हातात दिली, हळद-कुंकू लावलेला कोपरा त्यांनी बोटांनी चाचपून पाहिला. चहा मीच केला. मग विचारलं, "आत्या, मी सप्टेंबरातल्या धक्क्याला झाले का?"

"ते काय म्हाईत न्हाई. मोठ्या हादऱ्याची तू. मार्गशीर्षातली."

मी कप खाली ठेवला. म्हणजे ताई म्हणतात तेच खरं. म्हटलं, "मग घर माझ्यापायी पडलं."

"घर? समद्या गावाचं पडलं. तुज्यापायी कसं पडंल गं?" मग त्या सांगत गेल्या. जसं आठवतंय तसं लिहिते –

"तुज्या आयचं पोट दोन दिस दुखत हुतं. घरात देव हायती, विटाळ नको, म्हनून तिला मागल्या गवताच्या छपरात घातली. आमी बाया तिकडं. बापय मानसं अंगनात शेकोटीला. मग पोरं कुनी सांभाळायची? ती बी घोंगड्यात गुंडाळून शेकोटीपाशी. पहाटंला तू आलीस. नाळ कापायची हुती आजून, आन भुई हालली. दगडी घर डोळ्यादेखत खाली बसलं. पन आत कोन हुतं? कुनी न्हाई. गावात रडारड, आन आमच्या अंगनात समदी उभी. तुजी आजी म्हनली, ही पोर रातभर अडून बसली म्हनून आपून जगलो."

"मला कुणी सांगितलं नाही, आत्या."

"आजी वरसात गेली, मागनं तुजी आय. मामा तुजा कराडात. त्याला काय ठावं?"

गाडीत खिडकीशी बसले. देहूरोड कधी गेलं कळलं नाही. डिसेंबर तर डिसेंबर. ज्या रात्री सगळ्यांनी गाढ झोपायचं, त्या रात्री मी त्यांना झोपू दिलं नाही.

२४ नोव्हेंबर

सकाळी उठल्यावर पुन्हा तेच मनात. माहेरची माणसं वाचली असतील. मारुतराव नाही वाचले ना.

२६ नोव्हेंबर

ताईंचा फोन. हळदीच्या ताटात काय काय लागेल ते विचारत होत्या. सांगितलं. फोन ठेवून हळकुंडं निवडायला घेतली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

यशोदाआत्यांचा फोन आला. सुनेनं आज त्यांना पत्रिका वाचून दाखवली म्हणे. "कैलासवासी मारुती कोंडीराम – आगं, ह्यो आपल्या वरल्या आळीतला कोंडीराम का? मुंबयला गिरनीत असायचा तो?"

म्हटलं, "हो, माझे सासरे. भूकंपानंतर सगळी पिंपरीला आली."

"आन मला म्हाईतच न्हाई तुला कुटं दिली ती! आगं, त्याची बायकू त्या राती तुज्या आयपाशी हुती. पानी तापवायला. घरी कुनी न्हाई म्हनून दोनी पोरं संगं आनलेली. आमच्याच घोंगड्यात निजली हुती. त्यांचं घर पार भुईला मिळालं."

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. त्यांना मी पाहिलंही नाही.

दोन पोरं. धाकटा दीड वर्षाचा – ते हे. त्या रात्रीनंतर पंचावन्न वर्षं जगले.

थोरली कुसुमताई. त्यांना ठाऊक नाही. उद्या सकाळी येतील. आधी मी हळद लावीन. मग सांगेन.