नव्या भाताचा पाठ

३ फेब्रुवारी १९५८, सोमवार

मला "आजी" म्हणाली! पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची पोरगी — "आजी, कुणाला सोडायला आलात?" म्हटलं, स्वतःलाच सोडायला आलेय. सगळा वर्ग हसला. मी नाही हसले.

एकेचाळीस वर्षांची मी, आणि गुडघे बाकात मावेनात. नोकरीतल्या अनट्रेंड शिक्षिकांसाठी नऊ महिन्यांचा खास वर्ग म्हणे. बाकीच्यांच्या नोकऱ्या दोन-तीन वर्षांच्या. माझी चौदा! रानशेतच्या कुडाच्या शाळेत चौदा वर्षं मी पाड्यापाड्यांवरून पोरं गोळा करून आणली. आणि आता स्कूल बोर्डाचं पत्र — ट्रेनिंग नाही, तर नोकरी नाही. पास झालीस तर मुख्याध्यापकीण. नाहीतर घरी बस. दोन वर्षांपूर्वी एकनाथ मास्तरला माझ्या डोक्यावर आणून बसवला तो ट्रेंड म्हणून. वय तेवीस. त्याला अजून पाड्यांच्या वाटा ठाऊक नाहीत!

आमच्या अध्यापिका वसुमतीबाई. सव्वीसच्या असतील. मला "प्रभाबाई" म्हणतात आणि वहीवर लाल शाईने "अक्षर सुधारा" लिहितात.

४ फेब्रुवारी

पहिल्याच दिवशी "अक्षर सुधारा"! चौदा वर्षं फळ्यावर काय चिखल फासत होते?

१९ फेब्रुवारी

यांना सांगितलं, सकाळची भाकरी मी टाकीन, संध्याकाळचं तुम्ही बघायचं. स्टेशनात पार्सलांच्या पावत्या फाडणारा माणूस — भाताचं पिठलं करून ठेवलंन! वर म्हणतात, "प्रभा, तू शिकतेस, मीही शिकतोय." मला त्या क्षणी पातेलंच उचलून फेकावंसं वाटलं. फेकलं नाही. खाल्लं मुकाट्याने.

११ मार्च

पाठाचं टाचण. आजपासून हेच आमचं देवघर. आधी प्रस्तावना, मग हेतुकथन, मग विवेचन, मग आवृत्ती, मग उपयोजन. प्रत्येकाला मिनिटं ठरलेली. हेतुकथन म्हणजे पोरांना सांगायचं, आज आपण अमुक शिकणार आहोत. अरे, माझी पोरं विचारतात, "बाय, आज काय?" आणि मी सांगते. त्याला हेतुकथन म्हणतात हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर चौदा वर्षं ट्रेंडच असते की मी!

वसुमतीबाईंना विचारलं, पोरं मध्येच त्यांच्या वारली बोलीत बोलली तर त्याची मिनिटं कुठे धरायची? म्हणाल्या, "वर्गात प्रमाण भाषाच हवी." बाई एकदा तरी गेल्यात का पाड्यावर?

२ एप्रिल

आज टाचणाची वही टराटरा फाडली. वसुमतीबाईंनी तीनदा परत केली होती. रात्रीपर्यंत नवीन लिहून काढावी लागली. माझा राग हा असा. आधी फाडायचं, मग बसून चिकटवायचं. हे म्हणाले, "फाडण्याआधी मला हाक मार, निदान कोरी पानं वाचवीन."

२१ जुलै

चाचणीत मानसशास्त्राला नापास. "बालकाचे मन" विषयात मी नापास!

३० ऑगस्ट

हे विद्यार्थी होऊन पाटावर बसले, मी पाठ घेतला. मध्येच हात वर — "बाई, मला एक नंबरला जायचंय." हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

२५ सप्टेंबर

परीक्षेचा पाठ १७ ऑक्टोबरला. आणि कुठे? रानशेतला, माझ्याच शाळेत! परीक्षकांना म्हणे खेड्यातला खराखुरा वर्ग बघायचाय. विषय निघाला, "भाताचे पीक", इयत्ता चौथी. वाटलं, चला, एकदा तरी नशीब माझ्या बाजूने. या विषयात ती पोरंच मला शिकवतील.

टाचण लिहिलं — विळा, कणसं, सूप, तूस. वसुमतीबाईंनी लाल रेघ मारली. "प्रत्यक्ष अनुभव कुठेय? मुलांना नव्या भाताचे पोहे द्या. चव, वास, स्पर्श. परीक्षकांना हेच आवडतं." लिहिलं बाई, लिहिलं! विवेचन, मिनिटं सात : नव्या भाताची चव.

१६ ऑक्टोबर

दिवसभर पाड्यावर फिरले. कापणी चालू आहे, शाळेत कोण येणार? प्रत्येक दारात सांगितलं, उद्या पोरांना पाठवा, माझी परीक्षा आहे. चौथीतल्या सोमीची आई भिकी विळा टाकून हसत सुटली. "बाय, तुझी पन परीक्षा? तू त मोठी!" म्हणाली, "धाडतां. तुझा काम हाय त धाडतां."

कापणीतून पोरं सोडायची म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. गेल्या साली इन्स्पेक्टर आले तेव्हा एकही पोर सोडलं नव्हतं. माझ्यासाठी सोडतायत.

डहाणूच्या बाजारातून नवे पोहे आणलेत. वास सुटलाय घरभर.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहिणार. सगळं लिहिणार.

बावीस पोरं आली. आंघोळ करून, तेल लावून! परीक्षक मागे खुर्चीवर, शेजारी वसुमतीबाई. प्रस्तावना झकास झाली. लहान्या उठला आणि विळा कसा धरायचा ते त्याने दाखवलं. सगळी बोलत होती, वर्ग नुसता घुमत होता. मग मी पळसाची पानं मांडली, पोहे वाढले आणि म्हटलं, आता नव्या भाताची चव पाहू या.

आणि वर्ग गप्प झाला. बावीस जणांचे हात पाठीमागे गेले.

तेव्हा आठवलं मला! तेव्हा!! देवाला नवं दाखवल्याशिवाय पाड्यावर कुणी नव्या भाताचा दाणा तोंडात घालत नाही. भगत येतो, पूजा होते, मग घर जेवतं. दरसाल दिवाळी झाली की भिकी त्यातलेच मूठभर तांदूळ मला आणून देते — चौदा वर्षं मी ते शिजवून खाल्लेत! आणि माझ्याच हाताने पोरांपुढे हे वाढलं.

तिथेच थांबता आलं असतं. पानं उचलायची, म्हणायचं, चुकले रे, ही चव दिवाळीनंतर. एक वाक्य! पण परीक्षकांची पेन्सिल चालू होती. वसुमतीबाई डोळ्यांनी खुणावत होत्या, पुढे चला. आणि मी म्हणाले, "खा ना रे." कुणी हललं नाही. मी पुन्हा म्हणाले, "खा ना." वाढलं ती चूक होती. खा म्हटलं ते ठाऊक असूनच.

सोमीने माझ्याकडे बघितलं. मागे परीक्षकांकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे. मग चिमूटभर उचलून तोंडात घातलं आणि चावलं. मी विचारलं — विचारलं मी! — "कशी लागली चव?"

"गोड," म्हणाली. आणि लगेच ओठ मिटले.

पुढचा पाठ मिनिटाला मिनिट जुळला. परीक्षक जाताना म्हणाले, "वर्ग अगदी शांत. शिस्त उत्तम." मला त्यांच्या अंगावर पोह्यांचं पातेलं ओतावंसं वाटलं. हात जोडले.

१८ ऑक्टोबर

वसुमतीबाईंनी सांगितलं म्हणून. परीक्षकांनी बघितलं म्हणून. बोर्डाने पत्र पाठवलं म्हणून. सकाळपासून सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या. वसुमतीबाईंना काय ठाऊक होतं? मला ठाऊक होतं.

दहा वर्षांच्या पोरीने माझ्यासाठी देव सोडला.

५ नोव्हेंबर

निकाल. मानसशास्त्रात पास, आणि पाठाला पहिला वर्ग, सगळ्या तुकडीत पहिली! दोन वेण्यांची पोरगी येऊन पाया पडली. वसुमतीबाईंच्या डोळ्यांत पाणी — "प्रभाबाई, प्रत्यक्ष अनुभवाने बाजी मारली!" रानशेतची मुख्याध्यापकी माझी, एकनाथ मास्तर हाताखाली. यांनी पेढे आणले, अख्ख्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाटले.

मी एकही खाल्ला नाही. हे म्हणाले, "आता कुणावर रागावलीस?" सांगितलं सगळं. उरलेले पेढे त्यांनी झाकून ठेवले. मग म्हणाले, "जाऊन भिकीला विचार तरी."

काय विचारू? कुठल्या तोंडाने?

७ नोव्हेंबर

आज बोर्डाच्या ऑफिसात जाऊन अर्ज दिला. रानशेत नको, दुसरीकडे कुठेही द्या. क्लार्क खूश झाला — "वाढवणला कुणी जायला तयार नाही हो बाई!" यांना न विचारता दिला. झालं ते बरंच झालं. भिकीच्या दारावरून मी पुन्हा चालू शकणार नाही.

१३ नोव्हेंबर

दिवाळी संपली. रानशेतहून कुणी आलं नाही. कशाला येतील!

२० नोव्हेंबर

दुपारी दारात भिकी. मागे सोमी. पदरात बांधलेले मूठभर तांदूळ.

"नवा झाला, बाय. घे." मला रडू फुटलं. उंबऱ्यातच बसले मी. म्हटलं, भिकी, मी तुझ्या पोरीला देवाआधी खायला लावलं. पाप माझं आहे, तिला काही बोलू नका.

भिकीने सोमीकडे बघितलं आणि दोघी हसायला लागल्या! "सांग तिला," भिकी म्हणाली.

"मी नाय गिलला, बाय," सोमी म्हणाली. "गालात धरला. मंग बाहेर जान थुकला. तुझी परीक्षा होती ना."

म्हणून ते मिटलेले ओठ! मी जिथे एक वाक्य बोलू शकले नाही, तिथे या पोरीने देवालाही सांभाळलं आणि मलाही. मी तिला जवळ ओढली, तर ती म्हणते, "बाय, आता तू हेड ना? सोमवारी येशील ना? बाळ्यालापन आनतां शालेत, धाकला भाव."

हो म्हणाले. तिच्या तोंडावर हो म्हणाले! उद्या सकाळी पहिल्यांदा बोर्डात जायचं, अर्ज मागे घ्यायचा.

२१ नोव्हेंबर

हुकूम कालच निघाला. सोमवारपासून वाढवण. रानशेतची मुख्याध्यापकी एकनाथ मास्तरकडे.

भिकीचे तांदूळ अजून डब्यात तसेच आहेत. हे म्हणतात शिजव. माझा हात होत नाही.