दोन नारळ आणि पंधराचा फ्यूज

२४ ऑगस्ट ९४, बुध.
ठाण्याच्या कोळीवाड्यातून जनाबाईंचा फोन. नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात लोटली आणि आपल्या कारखान्याचा बॅटरी चार्जर पहिल्याच फेरीत गेला. फ्यूज बदलला की परत उडतो. वॉरंटी आहे. नियम असा की आधी जुना कारखान्यात यायचा, मी उघडून बघायचा, मग नवा. पण बोट उद्या पहाटे सुटणार. कारखान्याचे मालक दीक्षितसाहेब म्हणाले, नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, भरती थांबेल का तुमच्या नियमासाठी? माझ्या जबाबदारीवर नवा दिला. जनाबाईंचा मुलगा पांडू, बोट चालवणारा तांडेल, स्वतः डोंबिवलीला येऊन घेऊन गेला. जुना मागून पाठवतो म्हणाला.
नव्यात दहा अँपिअरच्या जागी पंधराचा फ्यूज घातला, माझ्या हाताने. दर्यात उगाच उडायला नको.

२६, शुक्र.
जुना आला. स्क्रूवरचा लाल रंग शाबूत, म्हणजे कोणी उघडलेला नाही. उघडला. आत सगळं चिकट. सर्किटवर खोबऱ्याचा कीस, कुंकू. पेटीच्या वरच्या, हवेच्या जाळीतून गेलंय. ती जाळी माझीच कल्पना. उष्णता वर जाते म्हणून वर. कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, डोक्याने काढलं, याचा केवढा तोरा मिरवला.
नारळाच्या पाण्याने रेग्युलेटर अडकला. म्हणजे बॅटरी भरली तरी चार्जर थांबत नाही. म्हणून फ्यूज उडत होता. तो उडत होता म्हणूनच ठीक होतं.
आणि नव्यात पंधराचा.
साहेब बघून म्हणाले, "पाणी गेलंय ना, मग वॉरंटी बाद. आपण सुटलो." क्षणभर बरं वाटलं. त्याचीच जास्त भीती वाटली.

२७, शनि.
कोळीवाड्यात गेलेलो. जनाबाई अंगणात सुकट पसरत होत्या.
"नव्या चार्जरवर नारळ नाही ना फोडलात?"
"न फोरता कसा न्यायचा दर्यान? नवा दागिना हाय तो." मग हसून, "याच्याव तं दोन फोरले. पयला रुसला ना, म्हणून."
मी खालीच बसलो. त्यांना वाटलं उन्हाचं. पाणी दिलं.
सांगितलं सगळं. बॅटरी उकळते, तिच्यातून गॅस निघतो, बंद जागेत साठला तर एक ठिणगी पुरते. बॅटरी इंजिनाच्या खणात, आणि वरच स्टोव्हवर जेवण शिजतं. फ्यूजचं मात्र तोंडातून निघेना. घाटावर मच्छीमार सोसायटीचा वायरलेस आहे, तिथला पोरगा हाका मारत राहिला, "चार्जर बंद कर, पांडू, चार्जर बंद कर." नुसती खरखर. बोट टप्प्याबाहेर.
जनाबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमी घाबरलाव म्हणून मी घाबरतंय. नायतर मला काय समजतंय त्यातला?"

२८, रवि.
जाळी वरून बाजूला घेऊन नवं ड्रॉइंग केलं. दोनदा.  सुमन म्हणाली, "अहो, जेवताय की भातात आकडे मांडताय?" बायकोला अजून काही सांगितलेलं नाही.

२९, सोम.
जनाबाईंचा फोन, आवाज आनंदी. त्यांच्या दिराची बोट परत आली, त्याला परवा रात्री पांडूची बोट दिसलेली. "लांबूनच वळखली म्हनतं. काय ते दिवे! असा उजेर का बोटीव लगिन हाय वाटला. भाऊ, तुमचा मशीन झ्याक चाललाय."
मी हो हो केलं. फोन ठेवला. 
इतका लख्ख उजेड म्हणजे व्होल्टेज चढलंय. चार्जर थांबलेला नाही. दहाचा फ्यूज असता तर उडाला असता, चार्जर गप्प झाला असता, अंधारात का होईना, पण...

३०, मंगळ.
डब्यातून पापलेटं आली, दिराच्या हाती, जनाबाईंकडून. सुमनने तळली. मी ताट सरकवलं. तिला फ्यूजचं सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "त्या बाईला सांगितलंत का?"

३१, बुध.
घाटावरच्या दिव्याखाली बसून लिहितोय. आज संध्याकाळच्या भरतीला बोट यायची. भरती आली, तीन बोटी आल्या, चौथी, पांडूची, नाही. आता पाणी उतरायला लागलंय.
जनाबाईंना फ्यूजचं सांगितलं. दिव्यांचं पण. उजेड चांगला नव्हे, म्हटलं. ओरडतील असं वाटलेलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं नि विचारलं, "किती दिवस उकलंल तशी?"
"बॅटरीतलं पाणी संपेपर्यंत."
"न मंग?"
"मग दिवे जातील. वायरलेस पण. दिवे गेले तर बरंच, म्हणजे बॅटरी मेली, गॅस थांबला. इंजिन हँडलने चालू करता येतं."
"पांडूला येतंय हँडल मारायला," त्या म्हणाल्या, जणू माझीच समजूत घालतायत. दर वेळेला बोट आली की फोडायला नारळ आणतात. आजही आणलेला. माझ्या हातात दिला. "कुठं फोरायचा त्ये आता तुमीच सांगा."
काठावर, म्हटलं. दगडावर.
"बोट आल्याव," त्या म्हणाल्या.
नारळ मांडीवर आहे. खाडीच्या तोंडाशी एक बोट दिसतेय, तिच्यावर दिवा नाही. कुणाची ते अजून कळत नाही.