ह्यांच्या बोटाचं माप

ता. ९ जानेवारी १९०८, गुरुवार
छापखान्यात ह्यांच्या उजव्या हातावर फर्मा पडला. अक्षरांच्या खिळ्यांनी भरलेली लोखंडी चौकट, दोघांनी मिळून उचलायची. दुसऱ्याचा पाय घसरला. बाइंडिंगचे इसाकभाई टांग्यातून घरी घेऊन आले. "वैनी, घाबरू नका. हाडं शाबूत हायत," म्हणाले आणि स्वतःच सोप्यात मटकन बसले. त्यांनाच आधी पाणी दिलं.
आंबेहळदीचा लेप घातला. हात फुगत चाललाय. करंगळीशेजारच्या बोटात अंगठी आहे. ती आताच

ता. १० जाने., शुक्रवार
अंगठी दिसतच नाही, मांसात बुडाली. बोट काळंनिळं. तेल झालं, साबण झाला. दोरा घट्ट गुंडाळून अंगठी त्यावरून सरकवतात म्हणे, तेही केलं. दोऱ्याचं टोक अंगठीखाली जाईचना. हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.
कापायची म्हटलं तर सासूबाई आडव्या. "लग्नातलं सोनं हाय. त्येला कानस लावायची न्हाई. अपशकुन हुतोय."
दुपारी बोटाचं टोक गार लागलं. मग मी कोणाला विचारलं नाही. इसाकभाईंना सराफांच्या गुजरीत पाठवलं, तात्या सोनार हत्यारं घेऊन आले. सासूबाई दारात उभ्या. मी म्हणाले, "आत्याबाई, सोनं परत जोडता येतं." सहा वर्षांत त्यांना पहिल्यांदा उलट बोलले. त्या बाजूला झाल्या.
तात्यांनी अंगठीखाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवली आणि वरून कानस चालवली. कितीतरी वेळ. तुटली तेव्हा ह्यांनी डोळे मिटले आणि तसेच झोपले.

ता. ११ जाने., शनिवार
सरकारी दवाखाना. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस बघू. बोटात रक्त उतरलं तर ठीक, नाहीतर बोट काढावं लागेल. अंगठी आणखी एक दिवस राहिली असती तर बघायचं कारणच नव्हतं.
सासूबाई शेजारीच होत्या. घरी आल्यावर ताट घेऊन ह्यांना स्वतः भरवायला बसल्या. जेवणं झाल्यावर मला म्हणाल्या, "तू पण खा."

ता. १३ जाने., सोमवार
बोट गुलाबी झालं!! काढायचं नाही.
मी दवाखान्याच्या पायरीवरच बसले. हसू यायला लागलं, आवरेना. शेजारी एक बाई तापलेलं पोर घेऊन बसली होती, ती सरकून लांब बसली.

ता. १७ जाने., शुक्रवार
संक्रांत झाली, कोणाकडे गेले नाही. सूज उतरतेय. अंगठी माझ्या डबीत आहे. तोंड वासलेली.
इथे लिहून ठेवते, बोलता येत नाही म्हणून. अंगठी पहिल्या दिवसापासून घट्ट होती. साखरपुड्याच्या आधी बाबा मुरगूडहून इथे आलते. हे दुपारी झोपले होते तेव्हा बाबांनी हळूच दोऱ्याने बोटाचं माप घेतलं. गावभर सांगत होते, "जावईबापूंना कळू दिलं न्हाई की!" मांडवात अंगठी पेरावर अडली. तूप लावून घातली. त्यानंतर निघालीच नाही. हे कधी काही बोलले नाहीत.
बाबा जाऊन वर्ष झालं. त्यांच्या एका चुकीपायी ह्यांचं बोट जाणार होतं. वर गेलेल्या माणसावर रागावता येत नाही, आणि रागावल्याशिवाय

ता. २१ जाने., मंगळवार
सासूबाईंना देवीला जाते म्हणून सांगितलं. गेलेही देवीला, मग तशीच गुजरीत. तात्यांपुढे अंगठी ठेवली.
"करून देतो की. मालकांना घिऊन या, माप घेतो."
हे येणार नाहीत. परवाच म्हणाले, ह्या हातात आता काही घालणार नाही. तात्यांना तसं सांगितलं. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली.
"मग घरीच घ्या. पर दोऱ्यानं न्हाई. दोरा ताणतोय. कागदाची पट्टी घ्या, बोटाभवती गुंडाळा, जितं टोक मिळंल तितं खूण करा. बुडाचं घ्या आणि पेराचंबी घ्या. अंगठी बुडात बसती, पर जाती पेरावरनं. थंडीत सकाळी बोट बारीक आसतं, संध्याकाळी घ्या. आणि एकदाच माप घिऊन पळत येऊ नका."
म्हणजे बाबांनी बुडाचंच माप घेतलं. झोपलेल्या माणसाच्या पेराचं घ्यायला काय झालं होतं?

ता. २५ जाने., शनिवार
संध्याकाळी हाताला तेल लावताना पट्टी गुंडाळली. पट्ट्या ह्यांच्याच छापखान्यातल्या रद्दी प्रुफांच्या. ह्याच कागदांच्या मागे ह्यांनी मला जोडाक्षरं शिकवली.
"हे काय गं?"
"किती सूज उतरली ते बघते."
खोटंही नाही.

ता. २९ जाने., बुधवार
चार दिवसांच्या पट्ट्या झाल्या. बुडाचं माप रोज थोडं कमी होतंय. पेराचं तीन दिवस तेवढंच, तसूभर हलत नाही. डॉक्टर म्हणाले, पेर असंच जाड राहणार. राहू दे. आहे ना.
इसाकभाई येऊन गेले. रुमालात झिजलेले जुने खिळे बांधून आणले होते. "बसल्या बसल्या हात चालवा," म्हणाले. ह्यांनी गाठ सोडली नाही. बोटांच्या टोकांना अजून कळत नाही. परवा गरम तपेली धरून बसले होते, मी ओढून घेतली.
छापखान्यातून काही निरोप नाही.

ता. २ फेब्रु., रविवार
पट्ट्या सापडल्या ह्यांना. सगळ्या ओळीने मांडून बसले होते. "बूड, पेर, बूड, पेर. सूज बघतीस व्हय?"
मग सांगितलं सगळंच. तात्या, डबी, आणि बाबांचंही. बोलताना रडू आलं. म्हटलं, बाबांनी नीट माप घेतलं असतं तर हे झालंच नसतं.
ह्यांनी पट्ट्या बाजूला सारल्या. "सहा वर्सं हे मनात धरून बसलीस?"
"सहा नाही. अंगठी कापली तेव्हापासून."
"अगं, मी जागा हुतो."
"कधी?"
"तुझे बाबा दोरा घिऊन आले तवा. मी झोपेचं सोंग घेतलं. गुदगुल्या व्हायला लागल्या. हसू फुटंल म्हणून बोटं वाकवून मूठ धरली. म्हाताऱ्यानं दोन-तीनदा बोट सोडवायला बघितलं, मी सोडलंच न्हाई. पेराचं माप घेणार कसं ते? मिळालं तेवढं घिऊन गेले बिचारे."
मी विचारलं, एवढी वर्षं का नाही सांगितलं? तर म्हणे, जावई सोंग घेऊन पडला होता हे सासऱ्याला सांगायचं कसं! आणि अंगठी काढून ठेवली असती तर बाबांना वाईट वाटलं असतं.
दोघं हसलो. सासूबाई आतून म्हणाल्या, "काय झालं?" काय सांगणार.
मग स्वतःच म्हणाले, "तुझी खूण जाड हाय. पेन्सिलच एवढी रुंद. आण हिकडं." रुमालाची गाठ सोडली. पेराची पट्टी सपाट धरायला मला सांगितलं आणि शेजारी एकेक खिळा उचलून लावत गेले. चौदा खिळे, वर शिशाची एक पातळ पट्टी. बोटाचं माप छापखान्याच्या हिशोबात!
खिळे कोणत्या हाताने उचलले ते त्यांच्या लक्षात आलं नाही. मी पट्टी तशीच धरून ठेवली. मग दिवा लावताना त्यांच्याच लक्षात आलं. परत एक खिळा उचलला. बोटाने चाचपडला. "म हाय," म्हणाले. बघितलं तर म होता.
आज बाबांची फार आठवण आली, पण चांगली.

ता. ६ फेब्रु., गुरुवार
तात्यांना पट्टी दिली, खिळ्यांचं मापही सांगितलं. ते हसले. म्हणाले, माप मोठं झालंय, जोडायला थोडं सोनं लागेल.
घरी मी ह्यांना ते सांगत होते, तेव्हा सासूबाईंनी ऐकलं. म्हणजे आता त्यांनाही कळलं. उठल्या आणि मोडकी बुगडी आणून हातावर ठेवली. "एकच हाय, कानात घालता येत न्हाई. घाला त्यात." मी नको म्हणाले तर रागावल्या. "माझा ल्योक न्हाई व्हय त्यो?"

ता. १५ फेब्रु., शनिवार
अंगठी आली. हे म्हणत होते घालणार नाही. हातात घेऊन बघत बसले, वजन केलं, सांधा कुठे आहे शोधला. तो काही सापडला नाही. मग घातली. पेरावर किंचित थांबली आणि गेली. बुडाशी जरा फिरते. तात्या म्हणाले होते, फिरली तर फिरू दे.
काढली. घातली. काढली. मी बघतेय म्हणून आणखी एकदा.
सोमवारी छापखान्यात बोलावलंय. दरबारचे फॉर्म आलेत, माणसं कमी पडतात. पण मालक आधी हात बघणार.

ता. १७ फेब्रु., सोमवार
सकाळी गेले. दारातून परत आले, अंगठी काढून माझ्या हातात दिली. "लोखंडापाशी नको. घरी आलो की घालीन." इसाकभाई कोपऱ्यावर थांबले होते, दोघं बोलत गेले.
हात चालतो. पहिल्यासारखा भरभर नाही. मालक अक्षरं जुळवायला ठेवून घेतील की फक्त खिळे परत खणात टाकायला बसवतील, काय कळेना. सासूबाई दोनदा दारात जाऊन आल्या. मला म्हणतात, तू कशाला सारखी बाहेर बघतीस.
अंगठी कुठे ठेवावी सुचेना म्हणून माझ्या अंगठ्यात घातली आणि तशीच भाकरी करायला बसले. पिठाचा हात लागला तशी काढून फडताळावर ठेवली. सहज निघाली.
टोल चारचा पडला. यायला अजून अवकाश आहे.